तरंगणारी किटली चिकटवल्यासारखी दिसते: अतिवास्तव स्थिरचित्रातली हटकून येणारी अडचण

टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर दोन लिंबं आणि एक आगपेटी, आणि या सगळ्याच्या वीतभर वर हवेत थांबलेली ॲल्युमिनियमची किटली. किटलीचा आकार बरोबर असतो, धातूची चकाकी साधलेली असते. तरीही चार पावलं मागे सरून पाहिलं की ती तरंगत नाही, मासिकातून कापून डकवल्यासारखी दिसते. मग हायलाईट आणखी पांढरा केला जातो, कडा आणखी धारदार केल्या जातात, आणि किटली चित्रापासून आणखीच सुटी पडते.

तैलरंगात रोजच्या वस्तूंची अतिवास्तव (सर्रिअल), म्हणजे ओळखीची वस्तू अशक्य स्थितीत दाखवणारी, मांडणी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण पुन्हा पुन्हा येते. हात कच्चा असल्यामुळे हे होतं असं नाही, कारण साधं स्थिरचित्र (स्टिल लाईफ) उत्तम करणाऱ्यांनाही ती गाठते. टेबलावर टेकलेल्या वस्तूच्या बाबतीत डोळा बऱ्याच चुका पोटात घालतो, कारण ती तिथे आहे हे तो आधीच मान्य करून बसलेला असतो. वस्तू उचलली की ही सवलत संपते. म्हणून चित्रात अशक्य गोष्ट एकच ठेवायची. किटलीचं वजन नाहीसं करा. तिच्यावर पडणारा उजेड, तिची सावली आणि पाहणाऱ्याच्या नजरेची पातळी मात्र जशीच्या तशी राहिली पाहिजे.

याला एक अपवाद आहे. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांत ओळखीच्या वस्तू सपाट अवकाशात विखुरलेल्या असतात. त्यांनी बरंचसं काम इनॅमल रंगात केलं, आणि तिथे सगळं चित्रच त्या सपाटपणावर उभं असतं, त्यामुळे एखादी वस्तू डकवल्यासारखी वाटण्याचा प्रश्नच येत नाही. अडचण येते ती अर्धं चित्र खोलीच्या खऱ्या उजेडात आणि अर्धं कुठल्याच उजेडात नाही अशा वेळी. पुढचं सगळं खऱ्या उजेडात रंगवायच्या चित्रांबद्दल आहे.

आधी निदान

ब्रश उचलण्याआधी दहा मिनिटं खर्च करा. चूक कुठे आहे हे न कळता केलेली दुरुस्ती नवा थर चढवते आणि मूळ दोष खालीच राहतो.

तरंगत्या वस्तूच्या सावलीवर टेबलाच्या रंगाच्या कागदाचा तुकडा धरा. सावली झाकल्याने वस्तूची उंची अजिबात बदलल्यासारखी वाटली नाही, तर ती सावली काहीच काम करत नव्हती. दोष सावलीत आहे.

चित्राचा फोटो काढून कृष्णधवल करा. किटली आणि तिच्यामागची भिंत यांच्यातला फरक किटलीच्या सगळ्या कडेभर सारखाच ठळक दिसत असेल, तर दोष कडांमध्ये आहे.

चित्रातली नजरेची पातळी, म्हणजे टेबलाच्या बाजू मागे वाढवल्यावर जिथे मिळतात ती आडवी रेघ, दोरा ताणून शोधा. वस्तू या रेघेच्या वर असेल आणि तरी तिचं तोंड वरून दिसत असेल, तर दोष पर्स्पेक्टिव्हमध्ये आहे.

शेवटी चित्र खिडकीशी तिरपं धरा. गडद भिंत मंद, पिठूळ दिसते आणि किटली चकचकीत, असं असेल तर रेखाटनात काही चुकलेलं नसेलही. गडद रंग बुडालेला आहे, म्हणजे त्यातलं तेल खालच्या थरात शोषलं गेलं आहे, आणि त्यामुळे दोन पृष्ठभाग दोन वेगळ्या चित्रांचे वाटतात.

बहुतेक चित्रांत यातली एक नव्हे, दोन कारणं सापडतात. दुरुस्ती नेहमी पर्स्पेक्टिव्ह, मग सावली, मग कडा, आणि बुडालेल्या रंगाची चकाकी सर्वांत शेवटी, याच क्रमाने करावी.

सावली: जागा, आकार आणि विरघळ

सर्वांत जास्त चित्रं इथे बिघडतात. लिंबांच्या सावल्या उजवीकडे पडलेल्या असतात आणि किटलीची सावली मात्र तिच्या बरोब्बर खाली, जणू तिच्यापुरता दिवा छतावर आहे. वस्तू वर उचलली की सावली तिच्यापासून दूर सरकते, आणि किती सरकते ते मोजता येतं. उजेड टेबलाशी ४५ अंशांचा कोन करून येत असेल तर २० सेंमी उचललेल्या वस्तूची सावली २० सेंमी बाजूला जाते. उजेड ३० अंशांचा, म्हणजे जास्त तिरपा असेल, तर साधारण ३५ सेंमी. ६० अंशांचा असेल तर साडेअकरा सेंमी. अशा तिरप्या उजेडात सावली टेबलाबाहेरही पडू शकते. तसं झालं तर मांडणी बदला, सावलीला ओढून आणू नका.

मांडणी समोर नसेल आणि वेगवेगळ्या फोटोंवरून चित्र जमवलं असेल, तर सावली रेखाटून काढावी लागते. दिव्यापासून टेबलाच्या पातळीपर्यंत ओळंबा सोडा. तो जिथे टेकतो तो दिव्याचा पाय. तसाच किटलीच्या तळाच्या एका बिंदूपासून ओळंबा सोडून वस्तूचा पाय मिळवा. दिव्याच्या पायापासून वस्तूच्या पायातून जाणारी रेघ टेबलावर पुढे वाढवा. दुसरी रेघ दिव्यापासून किटलीच्या त्याच बिंदूतून काढा. दोन्ही जिथे छेदतात तिथे त्या बिंदूची सावली. तळाची डावी आणि उजवी कड, तोटीचं टोक आणि कडीचा माथा एवढे बिंदू काढले तरी सावलीचा घाट मिळतो. दिवा चौकटीबाहेर असणारच, म्हणून हे काम कॅनव्हासवर न करता मोठ्या कागदावर करून मग ट्रेस करावं.

दिवा जवळ असेल तर सावली वस्तूपेक्षा मोठीही होते. दिव्यापासून किटली ९० सेंमी आणि किटलीपासून सावलीची जागा त्याच तिरप्या दिशेत ३० सेंमी असेल, तर सावली सुमारे सव्वा ते दीडपट, नेमकं सांगायचं तर १.३३ पट.

आता मुख्य मुद्दा, सावलीची कड. तरंगण्याचा भास किटली कशी रंगवली यावर जितका अवलंबून असतो, त्याहून जास्त सावलीची कड किती विरघळली आहे यावर असतो. हिशेब सोपा आहे: दिव्याची रुंदी गुणिले वस्तू ते सावली अंतर, भागिले दिवा ते वस्तू अंतर. साध्या ९ वॅटच्या एलईडी बल्बचा गोळा साधारण ६ सेंमीचा असतो. तो ९० सेंमीवर ठेवला, तर टेबलापासून ३ सेंमी वर असलेल्या वस्तूच्या सावलीची कड २ मिमी पसरते. १५ सेंमी वर असेल तर १ सेंमी, ३० सेंमी वर असेल तर २ सेंमी. म्हणजे टेकलेल्या लिंबाची सावली जिथे लिंबाला भिडते तिथे रेघेसारखी तीक्ष्ण हवी, आणि किटलीच्या सावलीला कुठेच तीक्ष्ण कड नको. दोन्ही सावल्या सारख्याच धारदार रंगवल्या की डोळा त्यांना एकाच उंचीवरच्या वस्तूंच्या सावल्या समजतो.

उन्हात प्रकरण वेगळं. सूर्य आकाशात फक्त अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे ३० सेंमी उंचीवरून पडणाऱ्या सावलीची कडसुद्धा जेमतेम ३ मिमी पसरते. भर उन्हातल्या अतिवास्तव दृश्यात कडक सावली चालते ती यामुळे. याच्या उलट टोकाला खिडकीचा मऊ उजेड. मीटरभर रुंद खिडकी दोन मीटरवर असेल आणि १० सेंमीची वस्तू ३० सेंमी वर तरंगत असेल, तर कड १५ सेंमी पसरते, वस्तूपेक्षाही जास्त. अशा उजेडात गडद गाभा असलेली सावली पडतच नाही, टेबलावर फक्त एक पुसट काळसर छटा उमटते. खिडकीच्या उजेडातल्या फोटोवरून किटली घ्यायची आणि तिच्याखाली ठसठशीत अंडाकृती सावली रंगवायची, ही या प्रकारातली सर्वांत नेहमीची चूक आहे.

गडदपणाचंही तसंच. टेकलेल्या वस्तूखाली जी बारीक काळी फट दिसते, तिथे उजेड पोचतच नाही. तरंगत्या वस्तूच्या सावलीत सगळीकडून परावर्तित उजेड शिरतो, म्हणून तिचा गाभाही त्या फटीपेक्षा उजळ असतो. १ म्हणजे काळा आणि ९ म्हणजे पांढरा अशी टोनची पट्टी धरली, तर उजेडातली चादर ८–९, लिंबाखालची फट २, आणि किटलीच्या सावलीचा गाभा ५ च्या आसपास ठेवून सुरुवात करा.

किटलीलाही टेबल दिसत असतं

टेबलावर ठेवलेल्या किटलीचा अभ्यास करून ती वर उचलली, तर तिचा तळ चुकीचा येतो. टेकलेली असताना तळाशी काळोख असतो. उचलल्यावर तिथे चादरीवरून उसळलेला उजेड येतो. पांढऱ्या चादरीवर तळ चांगलाच उजळतो, लाल खणावर तो लालसर होतो. धातूच्या बाबतीत तर पोटाच्या खालच्या भागात सगळं टेबल दिसतं: चादरीची कड, लिंबांचे दोन पिवळे डाग, आणि किटलीची स्वतःची सावली, एक गडद ठिपका म्हणून. हा ठिपका बहुतेक जण गाळतात. तो एकटा रंगवला तरी वस्तू आणि टेबल यांच्यात मोकळी जागा आहे हे कळतं. पितळेचा तांब्या, स्टीलचा पेला, चमचा, कुठल्याही चकचकीत वस्तूला हे लागू आहे.

दिव्याच्या जवळ गेलेली वस्तू उजळते, हेही विसरलं जातं. दिव्यापासून किटली ९० सेंमीवर आणि लिंबं १२० सेंमीवर असतील, तर किटलीवर पडणारा उजेड लिंबांवरच्या उजेडाच्या पावणेदोन पटींहून थोडा जास्त असतो. चादरीचा पांढरा आणि किटलीजवळच्या एखाद्या पांढऱ्या वस्तूचा पांढरा एकाच ढिगातून घेतला तर वरची वस्तू मळकट दिसणार.

मांडणी खरीच टांगा

वरचे अर्धे हिशेब वाचवायचे असतील तर वस्तू प्रत्यक्ष टांगून रंगवा. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळणारा तंगूस (नायलॉनचा दोरा) ०.३ ते ०.४ मिमी जाडीचा घ्या. रिकामी किटली तो सहज पेलतो. एका दोऱ्यावर वस्तू गरगर फिरते, म्हणून दोन दोरे आडव्या दांडीवर हातभर अंतरावर बांधा. दोऱ्यांची लांबी कमीजास्त करून किटलीला हवा तो कल देता येतो. लिंबू, पेरू, साबणाची वडी अशा मऊ वस्तू मागून विणकामाच्या सुईवर खोचून थर्माकोलच्या जाड पाटीत रोवा. काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या स्टँडवर वस्तू ठेवणं टाळा. स्टँड चित्रात दिसत नाही, पण त्याचं प्रतिबिंब आणि त्यातून वाकलेला उजेड नकळत रंगवला जातो.

मांडणीवर एकच दिवा हवा. कॅनव्हासवरचा दिवा वेगळा ठेवा आणि त्याच्या बाजूला पुठ्ठा लावून त्याचा उजेड मांडणीवर जाऊ देऊ नका. दोन्ही बल्ब एकाच रंगतापमानाचे, ४००० ते ५००० केल्विनचे, आणि रंग खरे दाखवणारे म्हणजे सीआरआय ९० किंवा त्याहून वरचे असावेत. पिवळ्या बल्बखाली जमवलेला राखाडी दिवसा जांभळट निघतो.

हुआन सांचेस कोतान या स्पॅनिश चित्रकाराचं सुमारे १६०२ सालचं एक स्थिरचित्र सान दिएगोच्या कला संग्रहालयात आहे. त्यात एक बिही (सफरचंदासारखं फळ) आणि एक कोबी दोरीने टांगलेले आहेत, खाली कठड्यावर खरबूज आणि काकडी. टांगलेल्या वस्तूंच्या मागे काळोख आहे, त्यामुळे त्यांची सावली पडायला पृष्ठभागच नाही. खोली कळते ती कठड्याबाहेर डोकावणाऱ्या काकडीवरून आणि तिच्या सावलीवरून. सावलीचा हिशेब अवघड वाटत असेल तर हा मार्ग घ्या: तरंगत्या वस्तूमागे काळोख, आणि पुढे कठड्यावर टेकलेली निदान एक वस्तू, तिच्या नेमक्या सावलीसकट.

नजरेची पातळी आणि लंबवर्तुळं

कप, तांब्या, किटली यांची तोंडं म्हणजे लंबवर्तुळं, आणि ती खोटं बोलत नाहीत. नजरेच्या पातळीखालच्या वस्तूचं तोंड वरून दिसतं, पातळीवर ते एक रेघ होतं, आणि वर गेल्यावर तोंड दिसत नाही, तळ दिसतो. टेबलावरच्या कपाचा फोटो उचलून चित्राच्या वरच्या भागात तसाच वापरला की कप आपल्याकडे कललेला वाटतो, किंवा सरळ डकवल्यासारखा.

मोजायचं असेल तर लंबवर्तुळाची उंची भागिले रुंदी करा. नजर ३० अंशांतून खाली जात असेल तर उत्तर ०.५, २० अंशांना सुमारे ०.३४, १० अंशांना ०.१७. चित्रातल्या एकेका गोल वस्तूचा हा आकडा मांडून पाहा. नजरेच्या पातळीकडे सरकताना तो उतरत गेला पाहिजे. एखाद्या वस्तूचा आकडा मधेच चढला तर ती वस्तू दुसऱ्या फोटोतून आली आहे. वस्तू मुद्दाम कललेली दाखवायची असेल तर हा नियम तिला लागू नाही, पण मग कल पुरेसा द्या. पाच-सात अंशांचा कल नेहमी चूक वाटतो, पंचवीस अंशांचा हेतू वाटतो.

प्रचंड केलेला कंगवा

तरंगवण्याऐवजी वस्तू अवाढव्य करण्याची पद्धतही आहे. रने माग्रित यांच्या १९५२ च्या ‘पर्सनल व्हॅल्यूज’ या चित्रात पलंगावर कपाटाच्या उंचीचा कंगवा उभा आहे, कपाटावर दाढीचा ब्रश आहे, जमिनीवर पेला, साबण आणि आगकाडी. भिंतींवर आकाश आहे. पण एकही वस्तू अधांतरी नाही, प्रत्येक कशावर तरी टेकलेली आहे. बदललं आहे ते माप आणि भिंती, बाकी खोलीचे नियम शाबूत आहेत.

असं चित्र जमत नाही याचं कारण बहुतेक वेळा जवळून काढलेला फोटो असतो. जवळच्या फोटोत कंगव्याचं एक टोक धूसर होतं, आणि ही धूसरताच वस्तू लहान असल्याचं सांगते. चित्रात कंगवा टोकापासून टोकापर्यंत सारखाच स्पष्ट हवा. दुसरं, फोटोत कॅमेरा वस्तूच्या वर असतो. खोलीएवढ्या सफरचंदाकडे आपण त्याच्या मध्यावरून पाहू, म्हणजे त्याचा देठ आपल्याला वरून दिसणार नाही.

यावर खोक्याची खोली हा खात्रीचा उपाय आहे. सफरचंद १० सेंमीचं असेल तर १२ सेंमी उंचीचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. ३ मीटर उंचीच्या खोलीचं ते १:२५ माप झालं. उभ्या माणसाची नजर साधारण दीड मीटरवर, म्हणून समोरच्या भिंतीला तळापासून ६ सेंमीवर रुपयाएवढं भोक पाडा आणि एका डोळ्याने त्यातून पाहा. बाजूला खिडकी कापून तिच्याबाहेर दिवा ठेवा. भिंतींना आतून चित्रातल्याच रंगाचे कागद लावा, कारण सफरचंदाच्या बाजूंवर त्याच रंगाचा उजेड उसळणार आहे. फोनचा कॅमेरा भोकाला लावून फोटो घेता येतो, पण जवळच्या कडा धूसर आल्या तर त्या खोक्यात पाहूनच रंगवाव्या लागतात.

कडा: जिथे रंगाचा बांध तयार होतो

किटली आधी पूर्ण करून ती सुकल्यावर तिच्याभोवती भिंत रंगवली, तर कडेने रंगाचा उंचवटा साचतो. बाजूने पडलेल्या उजेडात तो बांध चमकतो आणि कापलेल्या कागदाची कड वाटतो. क्रम उलटा करा. भिंतीचा रंग किटलीच्या रेघेच्या आत ३–४ मिमी जाऊ द्या, तो ओला असतानाच किटलीची सावलीकडची कड लावा आणि कोरड्या मऊ ब्रशने एकदाच हलकेच फिरवा. उजेडाकडची कड स्पष्ट, सावलीकडची भिंतीत विरलेली, आणि कमीत कमी एका जागी पूर्ण हरवलेली, एवढं झालं तरी वस्तू हवेत बसते. सगळी कड सारखी मऊ करणं हाही दोषच, त्याने वस्तू धुक्यात असल्यासारखी दिसते.

बांध आधीच तयार झाला असेल तर रंग निदान चार आठवडे वाळू द्या. नंतर धारदार पातं आडवं धरून उंचवटा खरवडा आणि ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवा. कोरडं घासू नका. कॅडमियम किंवा शिसं असलेल्या रंगाची धूळ श्वासात जाणं धोक्याचं आहे. मग त्या जागेवर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात पुसून घ्या आणि कडेच्या दोन्ही बाजूंचा सेंटिमीटरभर पट्टा, भिंत आणि किटली दोन्ही, ओल्यात ओलं असं पुन्हा रंगवा.

सावली बदलायची तर

सरळ कॅनव्हासवर प्रयोग करू नका. वाळलेल्या चित्रावर पारदर्शक प्लास्टिकची ओएचपी शीट वरच्या कडेला चिकटपट्टीने लावा आणि नवी सावली तैलरंगाने शीटवर रंगवा. जागा, आकार, कडेची विरघळ, गडदपणा, सगळं चित्रासमोर उभं राहून तपासता येतं आणि पटलं नाही तर पुसता येतं. या तपासणीला घाई करू नये, शीट रात्रभर लावून ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात पुन्हा पाहावी.

जुनी सावली झाकायला टायटॅनियम व्हाईट घातलेला टेबलाचा अपारदर्शक रंग दोन थरांत लावा. ट्यूबवरचा पिग्मेंटचा क्रमांक पाहा: पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक. झिंक व्हाईटचा थर वर्षं सरतात तसा ठिसूळ होतो, म्हणून दुरुस्तीच्या खालच्या थरात तो नकोच.

नवी सावली लाकडी टेबलावर असेल तर ग्लेझने, म्हणजे रंगाच्या पातळ पारदर्शक थराने, उत्तम होते. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन समान घ्या, त्यात अल्किड मीडियम (रंग लवकर वाळवणारं द्रावण) मिसळून पातळ करा, दोन पातळ थर द्या, मधे किमान एक दिवस जाऊ द्या. पहिला थर सावलीच्या पूर्ण विस्तारभर, दुसरा फक्त गाभ्यात. पांढऱ्या चादरीवर मात्र ग्लेझ चहा सांडल्यासारखी तपकिरी दिसते. तिथे टायटॅनियम व्हाईट, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचे तीन तयार राखाडी जमवा, गाभ्याचा, मधला आणि चादरीला मिळणारा, आणि ते ओल्यात ओले एकमेकांत ओढा. सावलीत काळा रंग घालण्याची गरज पडत नाही.

गडद भिंत बुडाली असेल तर

तेल खालच्या थरात शोषलं गेलं की वर नुसता पिग्मेंट उरतो आणि गडद रंग राखट, मंद दिसतो. अंबर आणि आयव्हरी ब्लॅक यांच्यात हे सर्वांत जास्त होतं. जास्त शोषणारा जेसो (कॅनव्हासवर आधी द्यायचा पांढरा अस्तर-थर), रंगात ओतलेलं जादा टर्पेंटाईन आणि खालचा थर पुरता वाळण्याआधी दिलेला दुसरा थर, ही तीन कारणं.

खात्री करायला वाळलेल्या चित्रावर मंद जागी ओलसर कापूस हलकेच टेकवा. ओल असेपर्यंत रंग खोल दिसला आणि सुकल्यावर पुन्हा राखट झाला, तर तो बुडालेलाच आहे. रंग चुकला असं समजून त्यावर आणखी गडद थर चढवणं ही मोठी चूक, कारण व्हार्निश केल्यावर ती भिंत कोळशाची होईल.

उपाय ऑइलिंग आउटचा. जवसाचं तेल आणि मिनरल स्पिरिट समान घ्या, लिंट न सोडणाऱ्या कापडाने बुडालेल्या भागावर अगदी पातळ लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग कोरड्या कापडाने जवळजवळ सगळं पुसून काढा. हात फिरवल्यावर बोटाला तेल लागता कामा नये. हे फक्त त्याच दिवशी वर रंगवायच्या जागी करा. वर रंग येणार नसेल तर ते तेल पिवळं पडतं. तिथे रीटच व्हार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या पातळ व्हार्निशचा, हात पुरे.

पुढच्या चित्रात ही वेळ येऊ नये म्हणून जेसोचे दोन-तीन पातळ थर द्या, वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, आणि तैलरंग लावण्याआधी तीन दिवस जाऊ द्या. जेसोवर तेलाचा थेंब टाकून पाहा. मिनिटाभरात आत जिरला तर आणखी एक थर हवा. भिंतीच्या गडद रंगात मीडियम पाचव्या हिश्शाहून जास्त नको, आणि टर्पेंटाईन फक्त पहिल्या थरात.

व्हार्निश पावसाळ्यात करू नये. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत त्यावर पांढुरका धूसर थर येतो आणि गडद भिंतीवर तो सर्वांत आधी दिसतो. पारंपरिक डॅमार (झाडाच्या राळेच्या) व्हार्निशसाठी चित्राला सहा महिने द्या. ऑक्टोबरनंतरचा कोरडा दिवस निवडा आणि चित्र रात्रभर त्याच खोलीत ठेवा.

तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशी फडकी आपोआप पेट घेतात. ती पाण्यात भिजवा, किंवा मोकळ्या हवेत एकेरी पसरून पुरती वाळल्यावरच टाका.